लॅपटॉप सारखा बंद पडतो: ग्राफिक्स ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांचा लॅपटॉप, त्यात दोन ग्राफिक्स, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. गेले दोन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुतेक वेळा व्हिडिओ कॉल सुरू करताना किंवा स्लीपमधून उठवल्यावर, स्क्रीन काळी होते, आवाज एकाच सुरावर अडकतो आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. कधी ब्लू स्क्रीन दिसते, तिच्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या (विंडोजला ग्राफिक्स चिपशी बोलायला लागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलचं नाव असतं. तुम्ही ड्रायव्हर अपडेट केला, उपयोग झाला नाही. मग फॉरमॅट मारला. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. आता दुरुस्तीवाला म्हणतोय, मदरबोर्ड बदला.

बदलू नका. निदान अजून तरी नाही. याचं कारण तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यात आहे: फॉरमॅटनंतर आठ दिवस लॅपटॉप सुरळीत चालला. बोर्डावरचा तडकलेला सोल्डर फॉरमॅटने सांधत नाही. आठवड्याला तीन-चारदा पडणारं मशीन आठ दिवस एकदाही पडत नाही, तेव्हा योगायोगाची शक्यता उरते, पण थोडीच. त्या आठ दिवसांत मशीनवर काय नव्हतं आणि नंतर काय आलं? हा प्रश्न लक्षात ठेवा, शोध तिथेच नेऊन पोचवायचा आहे.

त्याआधी ‘बंद पडतो’ म्हणजे नेमकं काय होतं ते वेगळं करून घेऊ, कारण लोक तीन निरनिराळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतात. चालू असलेलं मशीन फुंकर मारल्यासारखं विझलं, ना आवाज ना ब्लू स्क्रीन, तर तो बहुधा विजेचा किंवा उष्णतेचा मामला असतो. बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट, धुळीने तुंबलेला फॅन. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की हार्डवेअरच वीज तोडतं. विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळत नाही. ब्लू स्क्रीनचं तसं नाही. तिथे विंडोजने स्वतः विचार करून काम थांबवलेलं असतं, पुढे गेलो तर डेटा बिघडेल म्हणून. (विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही स्क्रीन निळी नसून काळी असते. त्यामुळे ‘काळी स्क्रीन आली’ असं कोणी सांगितलं की तिच्यावर काही मजकूर होता का, हे मी आता आधी विचारतो.)

तिसरा प्रकार चित्र गोठण्याचा. यात एक छोटी परीक्षा करता येते. स्क्रीन गोठली किंवा काळी झाली की कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा जिवंत आहे, फक्त चित्राची बाजू गेली आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. विंडोज ग्राफिक्सची बाजू नव्याने सुरू करतं, एक बारीक बीप येतो आणि बरेचदा चित्र परत येतं. आलं, तर प्रोसेसर आणि डिस्क त्या क्षणी ठीक होत्या हे कळलं. दिवाही हलत नसेल तर अख्खं मशीनच अडकलं आहे, आणि तेव्हा ग्राफिक्स हा अनेकांपैकी एक संशयित.

आता पुरावा गोळा करायचा. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे, तिथली आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाका. म्हणजे ब्लू स्क्रीन आली तर ती थांबून राहील, तुम्हाला फोटो काढता येईल. त्याच जागी ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडलेलं असू द्या. प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’मध्ये साठत जाते. पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर राखून ठेवतं ती जागा) बंद केलेली असेल तर डंप बनत नाही, आणि ‘क्लीनर’ जातीचे प्रोग्रॅम या फाइली कचरा समजून पुसतात. मशीन वेगवान करून देण्याचा दावा करणारं काहीही बसवलेलं असेल तर आजच काढा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लॅपटॉपवर पुरावा या मदतनिसांनीच पुसलेला होता.

मग स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधा. विंडोज व्हिस्टापासून हे साधन आहे आणि फार थोडे लोक ते उघडतात. दिवसवार तक्ता येतो: कोणत्या दिवशी काय कोसळलं आणि त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं. तुमच्या आठव्या दिवसाचा रकाना इथेच आहे. ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ नावाखाली १४१ किंवा ११७ असे कोड दिसले तर ग्राफिक्स चिप अडकून पुन्हा सुरू झाल्याच्या त्या नोंदी आहेत, म्हणजे तुम्हाला न जाणवलेले क्रॅशसुद्धा तिथे सापडतात.

इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवहीही बघा, पण एक सावधगिरी बाळगून. ‘कर्नल पॉवर ४१’ ही लाल खूण दिसली की लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण ती सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ असतो, आणि तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो. तिथे शून्य असेल तर ब्लू स्क्रीनची नोंदच झालेली नाही: वीज गेली किंवा मशीन पूर्ण गोठलं. २७८ असेल तर तो ग्राफिक्सचा प्रसिद्ध ११६ हा कोड, कारण ब्लू स्क्रीनवरचे कोड सोळाच्या पायावर लिहितात. १५९ म्हणजे एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरला झोप-जागेच्या बदलात वेळेवर उत्तर देता आलं नाही. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली. शून्य, २७८, १५९, २९२: तुमच्या आतापर्यंतच्या सगळ्या क्रॅशमध्ये यांतला कोणता आकडा किती वेळा आला ते एका कागदावर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर आपण अंदाजाने बोलत नाही.

तुमच्याकडे बहुतेक २७८ जास्त निघेल, म्हणून तो नीट समजून घेऊ. ग्राफिक्स चिपला दिलेलं काम २ सेकंदांत ना पुरं झालं ना मध्येच सोडता आलं, तर विंडोज ती चिप अडकली असं धरतं आणि तिला रीसेट करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला’ अशी ४१०१ क्रमांकाची नोंद होते. रीसेट फसला, किंवा एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा करावा लागला, तर विंडोज हात वर करतं आणि ब्लू स्क्रीन येते. तिच्यावर नाव असतं ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचं, कारण विंडोज ज्याची वाट बघत होतं तो तोच. पण चिप का अडकली याचा त्या नावात पत्ता नसतो. ड्रायव्हरमध्ये चूक असेल, चिपला पुरेशी वीज मिळाली नसेल, ती तापली असेल, तिची मेमरी खराब असेल, दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमने तिला वेडंवाकडं काम दिलं असेल. नाव बघून निकाल दिला तर चोर सोडून संन्याशाला सुळी.

इथेच एक सल्ला तुम्हाला जागोजागी भेटेल: रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन त्या २ सेकंदांचे ८ किंवा १० करा. थ्रीडी रेंडरिंगसारखं खरोखर लांबणारं काम करणाऱ्याला ते कधी उपयोगी पडतं. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर त्याचा उपयोग नाही. अडकलेली चिप दोनऐवजी दहा सेकंद अडकून राहील आणि मग तेच होईल.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपची गोष्ट जरा नाजूक असते. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने २०१० साली ऑप्टिमस नावाचं तंत्र आणलं, तेव्हापासून ही रचना सर्रास झाली. बहुतेक अशा मशीनमध्ये स्क्रीनची तार प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. वेगळी चिप जड चित्रं तयार करून त्याच्या हवाली करते, आणि काम नसलं की झोपते. म्हणजे दिवसभर तिचं झोपणं-उठणं चालू असतं. माझ्या अनुभवात गडबड होते ती बहुधा या झोपेच्या उंबरठ्यावर. भर कामात तितकी नाही. व्हिडिओ कॉल सुरू करताना आणि लॅपटॉप उघडताना तुमचं मशीन पडतं, हे त्याच्याशी जुळतं.

म्हणून पहिला प्रयोग हा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वेगळी ग्राफिक्स चिप ‘डिसेबल’ करा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स डिसेबल करू नका, कारण स्क्रीन त्याच्यावर चालते. खेळ आणि जड कामं मंदावतील, कॉल आणि ब्राउझर चालतील. दहा दिवस तसंच वापरा, आणि या दहा दिवसांत दुसरं काहीही बदलू नका. दहा का? दोन क्रॅशमधलं जे सरासरी अंतर, त्याच्या तिप्पट तरी थांबल्याशिवाय ‘बरं झालं’ म्हणायचं नाही, हा माझा हिशोब. तुमचं अंतर दोन दिवसांचं, म्हणजे सहा दिवस पुरावेत; दहा ठेवले म्हणजे मनात शंका राहत नाही. एका दिवसात पाच उपाय करणाऱ्याचं मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं हे त्याला कळत नाही, आणि महिन्याने बिघडलं की तो पुन्हा पहिल्या पायरीवर.

क्रॅश थांबले, तर दोष वेगळ्या चिपच्या बाजूला: तिचा ड्रायव्हर, तिची झोप, किंवा ती स्वतः. थांबले नाहीत, तर तिला निर्दोष समजा आणि पुढे मी रॅमबद्दल लिहिलंय तिकडे वळा.

समजा थांबले. आता ड्रायव्हर, आणि तो ‘अपडेट’ करायचा नाही. मुळापासून काढून पुन्हा घालायचा. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होतं त्या स्थितीत) जाऊन त्याने दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढा. दोन्ही, कारण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर सगळेच विसरतात आणि तो नव्या ड्रायव्हरशी भांडत बसतो. हे करताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एका दाराने काढाल आणि विंडोज अपडेट दुसऱ्या दाराने त्याच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवेल. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, आणि तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा. चिपच्या कंपनीचा सर्वांत ताजा ड्रायव्हर खेळणाऱ्यांसाठी ठीक. झोप-जाग, ब्राइटनेस, वीजवाटप या गोष्टी लॅपटॉपची कंपनी आपल्या मशीनवर तपासून देते. ताजा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, हा समज मी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडला. त्याच पानावर बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) आणि चिपसेटचे अपडेट असतील तर तेही घ्या. बायॉस करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी भरलेली. अर्थात, या सगळ्याच्या आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर.

आता तो आठवा दिवस. फॉरमॅटनंतर तुम्ही पहिल्यांदा जो ड्रायव्हर घातलात तो कदाचित बरा होता आणि आठवड्याभराने विंडोज अपडेटने तो बदलला. सेटिंगमध्ये अपडेट हिस्टरी उघडा, त्यात ‘ड्रायव्हर अपडेट्स’ असा वेगळा भाग असतो. तिथली तारीख पहिल्या क्रॅशच्या तारखेला लागून असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. तारखा जुळत नसतील तर रिलायबिलिटी हिस्टरीत त्या दोन-तीन दिवसांत काय इन्स्टॉल झालं ते बघा. माझं लक्ष आधी जाईल ते व्हर्च्युअल कॅमेरा, कॉलमध्ये पार्श्वभूमी पुसणारे प्रोग्रॅम, खेळावर आकडे दाखवणारे ओव्हरले, फॅनचा किंवा चिपचा वेग बदलणारी साधनं आणि बाहेरच्या डॉकचं सॉफ्टवेअर यांच्यावर. ही मंडळी ग्राफिक्सच्या वाटेत मध्ये उभी राहतात.

ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन, म्हणजे व्हिडिओचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे सोपवणं, बंद करायला सगळे सांगतात. मीही सांगतो, पण चाचणी म्हणून. बंद केल्यावर क्रॅश थांबले तर व्हिडिओ उलगडण्याच्या कामात चिप अडकते एवढं कळलं. ते तसंच सोडून दिलंत तर प्रोसेसर तापेल, बॅटरी भराभर उतरेल आणि मूळ दोष तिथेच राहील.

आणखी एक गंमत. ‘मी रोज रात्री शटडाउन करतो’ असं लोक खात्रीने सांगतात, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘अप टाइम’ बघावा तर पंधरा दिवस. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात शटडाउन केलं की विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. बिघडलेल्या स्थितीतला ड्रायव्हर रोज सकाळी तसाच उठतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर नव्याने सुरू करतं. शोध चालू आहे तोवर फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. स्लीपमधून उठताना पडणाऱ्या मशीनवर याचा फरक मी अनेकदा पाहिलाय.

आता रॅम. इथे माझीच फजिती सांगतो. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असलेला एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता, ब्लू स्क्रीनवर दर वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव. मी तीनदा ड्रायव्हर बदलला, एकदा विंडोज. दोन आठवडे गेले. शेवटी कंटाळून रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं साधन लावून ठेवलं, तर सकाळी लाल ओळींची रांग. मालकाने सहा महिन्यांपूर्वी रॅमची एक जादा पट्टी बसवली होती आणि ती सदोष होती. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधलाच तुकडा वापरतं. त्या तुकड्यातला बिट उलटला की नाव येतं ग्राफिक्सचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हापासून ड्रायव्हरला हात लावण्याआधी मी रॅम तपासतो. क्रॅशचे कोड दर वेळी वेगवेगळे येत असतील, आज ग्राफिक्स, उद्या फाइल सिस्टीम, परवा आणखी काही, तर रॅमचा संशय दाट. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक चालेल, पण पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट रात्रभर लावलेलं बरं. पट्ट्या दोन असतील तर एकेक काढून बघा.

ग्राफिक्सशी काहीही संबंध नसलेला ड्रायव्हरही अख्खं मशीन पाडू शकतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन ब्लू स्क्रीनवर अडकली. त्यांतलं हार्डवेअर जागच्या जागी ठणठणीत होतं. सुरक्षा सॉफ्टवेअर, खेळांमधली फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम, व्हीपीएन हे गाभ्यात शिरून काम करतात. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ या साधनाने चुकार ड्रायव्हर पकडता येतो, पण ते मुद्दाम क्रॅश घडवून पकडतं आणि मशीन सुरूच होईनासं होऊ शकतं. सेफ मोडमध्ये जाऊन ते रद्द करायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

एवढं करूनही थांबलं नाही, तर हार्डवेअरची बाजू. बायॉसच्या सेटिंगची स्क्रीन उघडून लॅपटॉप तासभर तसाच ठेवा. तिथे ना विंडोज असतं ना त्याचे ड्रायव्हर. तिथेही तो पडला किंवा चित्र फाटलं, तर विंडोज आणि त्याचे ड्रायव्हर निर्दोष सुटले. चित्रात रेघा किंवा ठिपके येत असतील तर त्याच वेळी स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या मशीनवर बघा. रेघा त्यात उमटल्या असतील तर दोष चित्र तयार होतानाचा, म्हणजे चिप, मेमरी किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर चित्र बरोबर बनलंय आणि पुढे बिघडलंय: पॅनेल किंवा त्याची केबल. बाहेरचा मॉनिटर लावूनही हेच पडताळता येतं.

सगळ्यांत वजनदार चाचणी लिनक्सची. उबुंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवता येतं. तीन-चार संध्याकाळी कॉल त्यावरून करा, व्हिडिओ चालवा, मध्ये लॅपटॉप मिटून उघडा. ड्रायव्हर वेगळे, गाभा वेगळा, फक्त लोखंड तेच. तिथेही तसंच पडलं तर मी मदरबोर्डचं बोलणं ऐकायला तयार आहे.

कारण हार्डवेअर खरंच जातं, आणि जाताना ते ड्रायव्हरच्या क्रॅशसारखंच दिसतं. २००८मध्ये एनव्हीडियाने लॅपटॉपच्या काही चिपच्या बांधणीतलं साहित्य कमकुवत असल्याचं मान्य करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. ॲपलने २०१५मध्ये २०११ ते २०१३ या काळात विकलेल्या काही मॅकबुक प्रोंची ग्राफिक्सची दुरुस्ती मोफत करून दिली. त्यांच्या तक्रारी होत्या फाटलेलं चित्र, चित्रच नसणं आणि अचानक रीस्टार्ट. म्हणून तुमच्या मॉडेलबद्दल कंपनीची अशी काही योजना आहे का, ते नक्की बघा. आणि कोणी हीट गनने चिप शेकून देतो म्हणाला तर नको म्हणा. शेकलेली चिप काही आठवडे चालते, मग पुन्हा जाते, आणि तोवर आजूबाजूचे भागही भाजलेले असतात.

दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा जाल तेव्हा त्याला एकच विचारा: बोर्डाचं निदान कोणत्या चाचणीवरून केलं? त्याने बायॉसमध्ये पडताना पाहिलं असेल, किंवा दुसऱ्या सिस्टीमवर तोच क्रॅश घडवून पाहिला असेल, तर तो बरोबर असू शकतो. उत्तर ‘ब्लू स्क्रीनवर ग्राफिक्सचं नाव होतं’ असं आलं, तर लॅपटॉप उचला, घरी या आणि वेगळी चिप डिसेबल करून दहा दिवस मोजायला लागा.